गप्प बसवलेलं जनुक आणि माझा अंबाडा

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला पाहिलं आणि धाकटीने विचारलं, "आजी, तुझे केस असे का?" थोरल्याने तेवढ्यात फोटोही काढून घेतला. मी उत्तर न देता फोन बंद केला. संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. तिने आधी हवा कशी आहे ते विचारलं, मग शेजारपाजार, आणि शेवटी अगदी हळू आवाजात विचारलं, की आई, इतक्यात तू कुठल्या डॉक्टरांना दाखवलंस का. म्हणजे आजीचं डोकं फिरलं अशी चर्चा तुमच्या स्वयंपाकघरात झालेली दिसते. तिला दोष नाही. जन्मल्यापासून तिने मला अंबाड्याशिवाय पाहिलेलं नाही. झोपताना मी वेणी घालते, आणि तीही अशी की सकाळी एक केस इकडचा तिकडे झालेला नसतो.

तेव्हा लिहूनच कळवते. फोनवर सांगायला लागले की मला हसू येतं आणि वाक्य पुरं होत नाही. गोष्ट हसण्यासारखीच आहे, पण तिच्यात कॅन्सर आहे, जनुकं आहेत आणि तुमची अकोल्याची मावशीआजी आहे. यांतलं सगळ्यात अवघड प्रकरण कोणतं, ते वाचून तुम्ही ठरवा.

मावशीआजी म्हणजे माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात, एकाच घरात वाढलो. मी शिकायला अमरावतीत आले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आणि मुलींच्या कॉलेजात शिकवत राहिले. ती दहावीनंतर लग्न होऊन अकोल्याला गेली आणि शेती, सासू, दोन दीर आणि अख्खी गल्ली एकहाती चालवू लागली. माझी भाषा पुस्तकातली झाली, तिची होती तशीच राहिली. ती म्हणते, "ताई, तू बोलली का मले वाटते रेडिओ लागला."

तिच्या मुलाची मुलगी तुमच्यापेक्षा थोडीच मोठी. तुम्ही लहानपणी तिच्याबरोबर संत्र्याच्या फोडींवरून भांडला आहात. अकरावीत असताना तिचा गुडघ्याच्या वरचा भाग दुखायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, खो-खो खेळताना पडली असेल. शेक झाला, लेप झाला, मग एक्स-रे झाला आणि कळलं की मांडीच्या हाडाला, गुडघ्याशी, कॅन्सर आहे. हा आजार बहुतेक याच वयात होतो, हाडं भराभर वाढत असताना. पडल्यामुळे होत नाही, काही खाल्ल्यामुळेही नाही.

उपचारांची वाट ठरलेली होती. आधी अमरावतीत केमोथेरपी. मग नागपूरला ऑपरेशन करून तेवढं हाड काढायचं आणि तिथे धातूचा सांधा बसवायचा. काढलेलं हाड सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, की औषधाने गाठीतल्या किती पेशी मेल्या. जवळजवळ सगळ्या मेल्या असतील तर पुढची आशा चांगली. निम्म्याशिम्म्या जिवंत असतील तर चिंता. मग पुन्हा केमोथेरपी. या सगळ्यात आमचा जीव अडकला होता तो त्या मधल्या तपासणीत. पोरीचं पुढे काय, हे तिच्यावर ठरणार होतं.

अकोल्याहून दर वेळी ये-जा नको म्हणून पोरगी माझ्याकडे राजापेठेत राहायला आली आणि तिच्याबरोबर तिची आजीही आली. येताना स्वतःचा तवा, स्वतःचं ज्वारीचं पीठ आणि स्वतःची उशी घेऊन आली. "तुह्या घरच्या उशीवर झोपलं का इस्त्रीच्या कपड्यावर झोपल्यासारखं वाटते," म्हणाली.

माझं घर तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर नावं, किल्ल्यांवर नावं, किल्ल्यांच्या खिळ्यांवरही नावं. मावशीआजीने पहिल्याच दिवशी हळदीचा डबा जिऱ्याच्या जागी ठेवला आणि मी तो परत हळदीच्या जागी ठेवला. हा सामना पुढे रोज चालला. पोरगी पलंगावर बसून दोन्ही बाजूंचे गुण मोजायची. केमोथेरपीने तिला उलट्या व्हायच्या, तोंडात फोड यायचे, आणि ते ओसरले की ती लगेच विचारायची, "आज कोन जिंकलं?" तिची लांब वेणी पहिल्या महिन्यातच गेली. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मोठी आजी, आता शाम्पू तुह्यासाठी ठेवला." मी तिची मोठी आजी. तिची स्वतःची आजी ती नुसती आजी.

आता जनुकाकडे येते.

आमची डॉक्टर मूळची मोर्शीची, आणि अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होती. अजून मला मॅडम म्हणते आणि मी खोलीत शिरले की पाठ ताठ करते. सुरुवातीला तपासणीसाठी हाडाचा जो बारीक तुकडा काढला होता, त्यातला थोडा भाग पोरीच्या आईवडिलांच्या संमतीने एका संशोधनासाठी पाठवला होता. त्याचं काय निघालं, हे एरवी घरच्यांना सांगत नाहीत, कारण उपचार त्यावर ठरत नाहीत. पण पोरगी सायन्सची. तिने दर भेटीत विचारून विचारून डॉक्टरला दमवलं. शेवटी एक दिवस डॉक्टरने आम्हा तिघींना समोर बसवलं.

"हे बघ," ती पोरीला म्हणाली, "प्रत्येक पेशीत जनुकं असतात. त्यातली काही राखणदाराचं काम करतात. पेशी बेताल वाढायला लागली की ओरडतात, थांब. तुझ्या गाठीत असा एक राखणदार आहे. तो मोडलेला नाही, चांगला धडधाकट आहे. पण त्याला गप्प बसवलंय. जनुकावर बारीक रासायनिक खुणा चिकटतात, त्यांना मिथाइल म्हणतात. त्या जास्त झाल्या की पेशीला ते जनुक वाचताच येत नाही. याला मिथिलेशन म्हणतात."

मावशीआजी इतका वेळ छताकडे बघत होती. ती म्हणाली, "म्हनजे चौकीदाराले मारलं नाही. खोलीत कोंडलं अन् बाहेरून कुलूप लावलं."

"अगदी बरोबर, आजी," डॉक्टर म्हणाली. आपण कोणाला बरोबर म्हणतो आहोत, याची त्या बिचारीला कल्पना नव्हती.

"मंग कुलूप उघडा."

"तशी औषधं आहेत. रक्ताच्या काही आजारांत वापरतात. हाडाच्या कॅन्सरसाठी अजून अभ्यास चालू आहे."

"कवापर्यंत होते अभ्यास?"

"ते सांगता येत नाही."

"आमच्या पोट्टीचं असंच आहे," मावशीआजी म्हणाली. "कवापासून ऐकून राह्यली, अभ्यास चालू आहे."

मला मात्र एकच विचारायचं होतं आणि ते पोरीसमोर विचारवत नव्हतं. डॉक्टरने माझ्याकडे पाहूनच ओळखलं. "मॅडम, हा राखणदार गप्प असला तर आजार जास्त चिवट निघतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ते पुष्कळ रुग्ण एकत्र घेतल्यावर दिसतं. एका पोरीचं काय होईल, ते त्यातून कळत नाही. हिच्यासाठी खरं उत्तर ऑपरेशननंतर, काढलेल्या हाडात."

परत येताना ऑटोत मावशीआजी जरा नाराज होती.

"ताई, हे आलं कोठून मंग? माह्या सुनेच्या माहेरून ना?"

"नाही. ते फक्त गाठीत घडलंय. वंशातून आलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाली ना."

"म्हनजे कोनाच्याच घरून नाही आलं?"

"कोणाच्याच नाही."

"असं कसं," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली. कित्येक महिने मनात जपून ठेवलेलं भांडण तिच्या हातून फुकट गेलं होतं.

घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे कॉम्प्युटरसमोर बसले. इंग्रजी वाचता येतं, ही माझी आयुष्यभराची ऐट, आणि त्या दिवशी ती मला नको झाली. मिथिलेशन आणि हाडाचा कॅन्सर, असं घातलं की पुढे येणारे लेख सगळे सभ्य भाषेत एकच गोष्ट सांगत होते. जोडीला आलेख होते. दोन रेघा एकाच उंचीवरून निघतात, पायऱ्या पायऱ्यांनी खाली येतात, आणि त्यातली एक दुसरीपेक्षा लवकर खाली येते. मी कॉम्प्युटर बंद केला, त्यावर विणलेलं आच्छादन घातलं आणि कोणाला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी पोरगी मला तांदूळ निवडायला मदत करत होती. "मोठी आजी," ती म्हणाली, "तू वाचलं ना ते सगळं?"

"काय?"

"मीपण वाचलं. आलेखपण पाह्यले. पायऱ्या पायऱ्यांनी खाली जाते ती रेघ." तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "मी म्हटलं, माह्या पायानं तं आता पायऱ्या उतरताच येत नाही. मी वरतीच बसतो."

मला आधी हुंदका येणार होता, पण वाटेतच त्याचं हसू झालं. दोघी इतक्या हसलो की सूप कलंडलं. मावशीआजी आतून ओरडली, "काय सांडलं?" आणि पोरगी म्हणाली, "काई नाही आजी, आलेख सांडला."

मग नागपूरला ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. पोरगी वॉकर घेऊन घरी आली आणि मांडीतल्या धातूच्या सांध्याची आता गाडीसारखी सर्व्हिसिंग होणार म्हणून सगळ्यांना सांगू लागली. राहिला निकाल. नागपूरचा अहवाल अमरावतीच्या डॉक्टरकडे येणार होता आणि तिने आम्हाला दुपारी बोलावलं होतं. पोरीचे आईवडील अकोल्याहून थेट तिथेच यायचे होते.

त्या सकाळी मी देवपूजा आटोपून बाहेर आले, तर किल्ल्यांचे सगळे खिळे रिकामे. मावशीआजी पाटावर बसून माझ्या लोखंडी पेटीचं कुलूप उघडत होती.

"हे काय चाललंय?"

"उघडून राह्यली."

"काय उघडून?"

"सगळं." तिने कुलूप काढून बाजूच्या ढिगात टाकलं. "तुले आठवत नाही? आपला भाऊ होताना माय अडली होती. आजीनं काय केलं होतं?"

मला आठवत होतं. आमच्याकडे बाळंतीण अडली की घरातलं जे जे बंद असेल ते उघडायचे. कुलपं, झाकणं, गाठी, सगळं. म्हणजे तिचीही वाट मोकळी होते, असा समज. आमच्या आजीने त्या दिवशी कोठीपासून मिठाच्या मडक्यापर्यंत सगळं उघडलं, पोत्यांची तोंडं सोडली, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून गोठ्यातले बैलही सोडले. भाऊ जन्मला आणि बैल शेजाऱ्याच्या तुरीत सापडले.

"तेव्हा बाळ अडलं होतं," मी म्हटलं. "इथे कोण अडलंय?"

"चौकीदार अडला आहे. डाक्टरीन सोताच म्हनली, अगदी बरोबर."

"ते समजावण्यापुरतं होतं. आणि तुझ्या लक्षात येतंय का, ते हाड नागपूरला काढून झालंय. पेशी मेल्या असतील तर मेल्या, नसतील तर नाही. आज इथे पेटी उघडून त्यात काय फरक पडणार आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहत असे. "निकाल आज लागते का नाही?"

"आज लागतो."

"मंग आजच उघडा लागते."

पोरगी वॉकर घेऊन दारात उभी राहिली होती आणि तिचे डोळे चमकत होते. कित्येक आठवड्यांत मी ते असे पाहिले नव्हते. "मोठी आजी, उघडू दे ना," ती म्हणाली. "मी खालचे डबे घेतो, आजी वरचे घेईन."

मी परवानगी दिली असं मला आठवत नाही, पण मी टेबल ओढून आणलं, एवढं खरं. पुढे अर्धी सकाळ जे चाललं ते माझ्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. डाळींचे, मसाल्यांचे, पापडांचे डबे उघडले. कपाटं उघडली. छत्र्या उघडून हॉलमध्ये ठेवल्या. चष्म्याची घरं, शिवणाचा डबा, पाकिटं, पर्सच्या चेन. उशांच्या अभ्र्यांची बटणं पोरीने काढली. नाडीच्या पिशव्यांच्या गाठी मावशीआजीने दातांनी सोडल्या. बँकेतून आलेली आणि मी तारखेप्रमाणे लावून ठेवलेली पाकिटंसुद्धा फाडली. माळ्यावरून तुमच्या आईच्या लग्नात आलेला काचेचा सेट खाली आला आणि इतक्या वर्षांनी त्याची दोरी सुटली. तुम्ही पाठवलेली चॉकलेटं मी पाहुण्यांसाठी जपून ठेवली होती, तीही उघडली. अत्तराच्या बाटल्यांची बुचं निघाली आणि घराला एकाच वेळी गुलाबाचा, हिंगाचा आणि लोणच्याचा वास येऊ लागला.

"गॅस नको," मी ओरडले.

"तेवढी अक्कल आहे मले."

"आणि फ्रिज नको. दूध नासेल."

"फ्रिजात काय देव बसला?"

बोलणी झाली. फ्रिजला थोडीशी फट ठेवायची आणि फटीत लाटणं अडकवायचं, असं ठरलं. कूलरची तोटी उघडायची की नाही, यावर मतं पडली आणि मी हरले. पाणी व्हरांड्यातून वाहत तुळशीपर्यंत गेलं. पोरगी पलंगावर पालथी पडून हसत होती आणि मध्येच आठवून सांगत होती, "घड्याळाचा पट्टा राह्यला. औषधाचा डबा राह्यला. आजी, तुह्या पानाची डबी."

मग मावशीआजी तिच्याजवळ बसली. तिचा स्वतःचा खोपा तिने आधीच सोडला होता. आमच्या आजीने त्या दिवशी शेवटी बाळंतिणीची वेणी सोडली होती, हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं असणार. मावशीआजीचा हात पोरीच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. डोकं गुळगुळीत होतं.

व्हरांड्यात कूलरचं पाणी पडत होतं.

"माह्याकडं तं सोडाले केसच नाही," पोरगी म्हणाली. ती जराही दुःखी दिसत नव्हती, विचारात पडल्यासारखी दिसत होती. तिने घरभर नजर फिरवली. उघडी कपाटं, उघडे डबे, उघड्या छत्र्या. मग ती नजर माझ्यावर आली. "मोठी आजी, या घरातलं सगळ्यात घट्ट तं तुह्याच डोक्यावर आहे."

"मी?"

"माह्या वाटचे तू सोड."

मी या वयात, इतकं शिकून, मिथिलेशन म्हणजे काय हे नीट कळलेलं असताना, आरशासमोर गेले आणि एकेक आकडा काढायला लागले. आकडे पुष्कळ निघाले. पोरगी प्रत्येक आकड्याला टाळी वाजवत होती. शेवटी केस खांद्यावर पडले तेव्हा मान इतकी हलकी झाली की तोल गेल्यासारखं वाटलं. आरशात कोणी तरी वेडसर, पांढरी, आनंदी बाई उभी होती.

निघताना खरी पंचाईत झाली. फाटकाला कुलूप लावायचं की नाही? मी गल्लीच्या कोपऱ्यावरून कुलूप ओढून बघायला परत येणारी बाई. मी फाटकाशी उभी राहिले. समोरच्या ट्यूशन क्लासला येणाऱ्या मुली स्कूटी लावत होत्या, रस्ता भरलेला होता. मावशीआजी ऑटोत बसून माझ्याकडे बघत होती. मी दार उघडं टाकलं, फाटक उघडं टाकलं आणि ऑटोत बसले. वाऱ्याने माझे केस पोरीच्या तोंडावर जात होते आणि ती ते बाजूला करत नव्हती.

दवाखान्याच्या दारात पोरीची आई उभी होती. मला पाहून तिचा चेहरा पडला. आमच्याकडे म्हातारी बाई मोकळ्या केसांनी कधी फिरते, ते तुम्हाला माहीत नसेल. "मावशी," ती माझा हात धरून म्हणाली, "कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं वं," मावशीआजी म्हणाली. "कुलूप उघडून आलो."

डॉक्टरने आधी मला ओळखलंच नाही. पोरीला बस म्हणाली, आईवडिलांना बसा म्हणाली, माझ्याकडे बघून "आपण?" म्हणाली, आणि मग "मॅडम?" म्हणत उभीच राहिली. तिच्या हातात अहवाल होता. मी म्हटलं, "खाली बस आणि वाच." ती बसली.

"गाठीतल्या जवळजवळ सगळ्या पेशी मेलेल्या आहेत," ती म्हणाली.



"मेल्या, ते चांगलं का वाईट, तेवढं आधी सांग बाई," मावशीआजी म्हणाली.

"चांगलं, आजी. खूप चांगलं. याच्यापेक्षा चांगलं आम्ही मागू शकत नाही. केमोथेरपीचे राहिलेले डोस पुरे करायचे. पुढची काही वर्षं ठरावीक महिन्यांनी स्कॅन करत राहायचं. हा आजार परत डोकं वर काढू शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं. पण सुरुवात फार चांगली झाली."

पोरीच्या वडिलांनी तोंड पदरात लपवावं तसं रुमालात लपवलं. मला एक शंका राहिली होती. "आणि ते गप्प बसलेलं जनुक?"

"ते गाठीतलं होतं, मॅडम. गाठ गेली. त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही, आणि हे औषध का लागू पडलं, तेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हिच्या बाकीच्या शरीरात तो राखणदार बोलतोच आहे."

"पोट्टीसारखाच," मावशीआजी म्हणाली. "म्हनजे उघडलं कुलूप."

"आजी, हे औषधाने झालं."

"औषधानंच. पन औषध आत कोठून गेलं?"

डॉक्टरने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी केसांची एक बट कानामागे सारली आणि खिडकीकडे पाहिलं.

परतताना ऑटोत पोरगी, तिची आई आणि आम्ही दोघी अशा चौघी दाटीवाटीने बसलो होतो, आणि कोणाचं कोपर कोणाला लागतंय यावरून हसत होतो. राजापेठ आली तशी मला उघड्या घराची आठवण झाली. फाटकाशी पाहते तर आत, व्हरांड्यात, ट्यूशनच्या मुली ओळीने बसलेल्या. त्यातली एक उठली. "काकू, सगळं उघडं होतं, आम्हाला वाटलं चोर आला. म्हणून आमी क्लासले न जाता राखत बसलो."

चोरी काही झाली नव्हती. माझ्या इस्त्रीच्या पातळांवर गल्लीतली मांजर झोपली होती, दूध नासलं होतं, आणि तुम्ही पाठवलेली चॉकलेटं राखणदारांनी संपवली होती. मी वर आनंदाने त्यांना पापड तळून दिले. डब्यांची झाकणं लावायला दोन दिवस लागले आणि हळद जिऱ्याच्या जागी राहिली ती आजतागायत तिथेच आहे.

पुढचे डोस झाले. ते सोपे नव्हते, पण झाले. पोरगी अकोल्याला घरी गेली. डोक्यावर केस परत आले, आणि पूर्वी सरळ होते ते आता असे कुरळे आलेत की मावशीआजी म्हणते, हेच तेवढे सुनेच्या माहेरून आले. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. आता पोरीकडे सोडायला केस आहेत, तेव्हा माझी गरज नाही, असं मी पहिल्या स्कॅनच्या वेळी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "माह्ये अजून बांधल्याच जात नाही, मोठी आजी. मंग काय सोडू?" म्हणून स्कॅनच्या दिवशी सकाळी मी आकडे काढते आणि निकाल येईपर्यंत केस तसेच ठेवते. मिथिलेशन म्हणजे काय, हे मला अजूनही नीट समजतं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

परवा तिचा स्कॅन होता. तुम्ही फोन केलात तेव्हा मी निकालाचीच वाट बघत होते, आणि धाकटीने प्रश्न विचारला त्याच क्षणी स्क्रीनवर अकोल्याचा नंबर आला. म्हणून मी तुमचा फोन तोडला. रागावून नाही.

पलीकडून मावशीआजी होती. तिने हॅलो म्हटलं नाही.

"बांध आता ताई," ती म्हणाली. "पोट्टी साफ आहे."

आणि मागून पोरीचा आवाज आला, "नको बांधू, आधी फोटो पाठव."

मला स्वतःचा फोटो काढता येत नाही. थोरल्याने जो काढलाय, तो तिला पाठवून द्या.